बादली वर ठेवण्याबाबत

सातवीच्या विज्ञानाच्या बाईंनी कप्पी शिकवायला खरीखुरी कप्पी वर्गात आणली आणि शाळेची शिस्त धोक्यात आली. वर्ष संपायच्या आत प्रत्येक मुलाने स्वतः जोडलेल्या यंत्राने विटांची बादली एकदा तरी उचलावी, एवढाच त्यांचा हट्ट होता. मुलांनी पंधरा दिवस खपून प्लायवूडची दातेरी चाकं कापली, चौकट ठोकली, दोरी ओवली.

मुख्याध्यापकांनी कौतुक केलं आणि लगोलग सुरक्षा समिती नेमली. समितीत भूगोलाचे सर, चित्रकलेच्या बाई आणि पालकांतर्फे एक दंतवैद्य होते. दंतवैद्यांनी चाकात बोट घालून पाहिलं आणि सगळे दाते काढायला सांगितले. दाते घासून टाकल्यावर एक चाक फिरवलं तरी दुसरं ढिम्म हलेना. तेव्हा दुसरं चाक दुसऱ्या मुलाने हाताने फिरवावं, म्हणजे कृतीही दुप्पट होईल, असा ठराव झाला.

पुढच्या बैठकीत दोरी गळ्याशी जाऊ नये म्हणून वीतभर ठेवली. त्यापुढच्या बैठकीत पायावर पडू नयेत म्हणून विटा काढल्या. पण रिकामी झाली तरी बादली ती बादलीच, पडणारच, असा मुद्दा भूगोलाच्या सरांनी काढला. सबब ती कायम 'उचललेल्या स्थितीत' कपाटावर ठेवण्यात आली.

"बाई, बादली तर वरच आहे. आम्ही काय करायचं?" एका मुलीने विचारलं.

"निरीक्षण," बाई खाली बघत म्हणाल्या.

महिन्याभरात शिक्षण खात्याचं प्रशस्तिपत्र आलं. अपघात शून्य.

तरीही बाईंनी हाय खाल्ली नाही. पालकसभेत उभं राहून त्यांनी सरळ विचारलं, मुलांच्या हातांना खरं काम हवं असं कुणाकुणाला वाटतं? झाडून सगळे हात वर गेले. एका आजोबांनी तर दोन्ही वर केले. लहानपणी आपण अख्खी सायकल उघडून जोडायचो, असं एका बाबांनी उठून सांगितलं. बाईंना भरून आलं. त्यांनी पिशवीतून फॉर्मचा गठ्ठा काढला. दाते, दोरी आणि विटा परत द्याव्यात. बोट खरचटल्यास आमची तक्रार नाही. खाली सही.

हात एकदम खाली आले, दात्यात दाता बसावा तसे. वर्षभरात त्या शाळेत यंत्रासारखं चाललं ते एवढंच.

"तसं नव्हे हो बाई," सायकलवाले बाबा म्हणाले, "तुम्ही इतरांपासून सुरुवात करा. आमचा जरा नाजूक आहे."

आपण हसलात, बरं झालं. फॉर्म सगळेच कोरे आहेत आणि बाई उद्या दहा वाजता शाळेच्या फाटकात उभ्या असतील. येताना पेन आणा.