लखोपंतांची रुखसत आणि पगडीचा न्याय

॥ श्रीनिद्रादेवी सुप्रसन्न ॥

शके सतराशें सोळा, आनंदनाम संवत्सर, चैत्रमास. तिथि लिहितेवेळीं लिहिणाराचा डोळा लागला, सबब राहिली. त्या सालीं अमक्या एका दौलतींत जें कधीं न घडलें तें घडलें, तें ऐसें कीं, जित्या मनुष्यानें हातीं हुद्दा असतां वर्षभराची रुखसत, म्हणजे रजा, मागितली, तीही निजावयासाठीं. साहेबीं आज्ञा केली कीं, हें कैसें जाहलें तें मुळापासून लिहावें, पदरचें घालूं नये. त्याजवरून लिहिलें आहे, आणि पदरचें घातलें असेल तें मिठाइतकें, चवीपुरतें.

त्या दौलतीचा शिरस्ता ऐसा कीं, हुद्देदार एकदां गादीवर बसला म्हणजे तेथून उठे तो चौघांच्या खांद्यावरूनच. थोरले न्यायाधीश लखोपंत हेही त्याच वाटेस लागले होते. पंत न्यायी खरे, लांचाला कधीं शिवले नाहींत, परंतु बोलणें दांडगें. वादीनें तोंड उघडावें आणि पंतांनीं त्यास मध्येंच थांबवून त्याचें म्हणणें आपणच सांगावें, मग प्रतिवादीचेंही आपणच सांगावें, मग शास्त्रार्थ, मग दाखला, मग दाखल्याचा दाखला, आणि निवाडा होईतों दोन्ही पक्षांस मूळ तंटा कशाचा होता याचाच विसर पडावा. आपल्या जिभेवर दौलत उभी आहे ऐसी पंतांची पक्की समजूत होती. ऐशीं बहुत वर्षें गेलीं आणि पंतांची झोंप उडाली, अन्न गोड लागेना, हात कांपूं लागले, आणि ताटावर बसले तरी डोक्यांत कचेरी चालूच. एके दिवशीं कुटुंब चिमाबाई यांनीं पुसिलें, "आज पडवळ करूं कीं दोडका?" पंत उत्तरले, "दोन्ही पक्षांनीं उदईक साक्षीदारांसह हजर राहावें." बाई आधीं हंसल्या, आणि मग पंत हंसत नाहींत हें पाहून त्यांनीं पदर डोळ्यांस लाविला. लागलीच वैद्यबुवांस बोलावणें गेलें. बुवांनीं नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाले, "मात्रा नाहीं, चाटण नाहीं. वर्षभर काम सोडून पडून राहा. न राहाल तर पुढचा तंटा चित्रगुप्तापुढें, आणि तेथें तो बोलतो, आपण ऐकावयाचें असतें."

पंतांस दरदरून घाम सुटला. भय मरणाचें नव्हे. भय हें कीं, आपण नसतां दौलत बुडेल. आणि त्याच्या पोटांत त्याहून मोठें भय हें कीं, न बुडाली तर? तर मग इतकीं वर्षें आपण जागलों कशाला? हें दुसरें भय पंतांनीं कोणापाशीं बोलून दाखविलें नाहीं, परंतु चिमाबाईंस तें ठाऊक होतें. मग पंतांनीं दरबारीं जाऊन अर्ज गुजारला. महाराज कनवाळू, म्हणाले, "जा पंत, खुशाल घोरा." परंतु गादी रिकामी राहूं नये हा वडिलांपासूनचा कायदा. तेव्हां बदलीस कोण, यावर मसलत बसली, आणि एकेका मानकऱ्यास एकेक भाचा आठवला. भाचे इतके निघाले कीं दरबारांत उभें राहावयास जागा पुरेना. महाराजांस वीट आला आणि आज्ञा जाहली, "पंत, डोकें घेऊन जा, पगडी ठेवून जा. पगडी गादीवर आहे तों गादी रिकामी नाहीं. लोक तिजपुढें आपलें म्हणणें मांडतील, निवाडे तुम्ही आल्यावर द्या. येत्या पाडव्यास येऊन पगडी उचला." पंतांनीं पगडी उतरून गादीवर ठेविली, लेकीस सासरीं धाडतांना पाहावें तैसें तिजकडे पाहिलें, आणि बोडक्या डोक्यानें बाहेर पडले.

मग विश्रांतीची मोहीम सुरू जाहली. पंतांचा नदीकांठीं मळा होता, तेथें गाद्या, लोड, उशा आणि लोणच्याच्या बरण्या लादून उभयतांची स्वारी दाखल जाहली. पंतांनीं विश्रांतीसही कामासारखेंच जुंपून घेतलें. सकाळीं निजावें, दोन प्रहरीं निजावें आणि मधल्या वेळीं निजण्याची तयारी करावी. परंतु झोंप काय हुकमाची ताबेदार आहे? बाजेवर अंग टाकावें तों झाडावर कावळे भांडत, आणि पंत उठून त्यांस शास्त्रार्थ सांगूं लागत. तशांत गांवास खबर लागली कीं पंत रिकामे आहेत, आणि रिकामा मनुष्य गांवाच्या डोळ्यांत सलतो. मग कोणी म्हणे, "पंत, रिकामेच आहां तर आमच्या बांधाचें तेवढें बघा." कोणी म्हणे, "रिकामेच आहां तर पोरीसाठीं स्थळ शोधा." आणि एकानें तर आपली म्हैस आणून दारांत बांधिली, कीं रिकामेच बसतां तर हिच्यावर नजर असूं द्या. तेव्हां चिमाबाई पदर खोंचून फाटकांत उभ्या राहिल्या आणि गरजल्या, "इकडच्या स्वारीला काम आहे!" गांव म्हणाला, "तें कोणतें?" बाई म्हणाल्या, "निजण्याचें. सोपें वाटत असेल तर तुम्ही दिवसाढवळ्या करून दाखवा, घरचीं माणसें करूं देतात का बघूं." गांवानें माघार घेतली. म्हैस मात्र राहिली, आणि पंतांचा तिजवर लोभ जडला, कारण ती रवंथ करीत सर्व ऐकून घेई आणि निवाड्यावर तक्रार करीत नसे.

हळूहळू हात कांपावयाचे राहिले. पंत पडवळाच्या मांडवाखालीं लोळूं लागले, ताकाच्या वाटीवर वाटी रिचवूं लागले, आणि बोलावयाचाही आळस येऊं लागला. आतां चिमाबाईंची एक गोष्ट होती, त्यांच्या मावशीची नथ विहिरींत पडली ती. लग्न जाहल्यापासून बाई ती सांगूं पाहात, आणि नथ विहिरीपर्यंत पोंचावयाच्या आंत पंत निवाडा देऊन मोकळे होत, "चूक मावशीची." एके दुपारीं बाईंनीं सुपारी कातरतां कातरतां पुन्हां तीच काढिली, आणि पंत पेंगत होते, निवाडा द्यावयास जीभ उचलेना, तेव्हां नुसतें म्हणाले, "मग?" बाई चपापल्या. म्हणाल्या, "मग मावशीचा दीर विहिरींत उतरला." पंत म्हणाले, "मग?" "मग गाळ उपसला, पण नथ कांहीं मिळेना." "मग?" तेव्हां बाईंचा अडकित्ता थांबला आणि त्या म्हणाल्या, "मिळेल कशी? पडलीच नव्हती. मावशीनें ती सासरच्यांच्या चोरून मोडली आणि धाकट्या बहिणीच्या बाळंतपणांत वैद्य आणविला. बहीण अडली होती. ती माझी आई, आणि तें बाळंतपण माझ्या वेळचें." पंत ताडकन उठून बसले. म्हणाले, "हें मला आजवर कसें कळलें नाहीं?" बाई शांतपणें म्हणाल्या, "इकडून कधीं विहिरीच्या पुढें येऊंच दिलें नाहीं." पंतांस बहुत वाईट वाटलें, इतकें कीं कोणताही शास्त्रार्थ आठवेना. मग ते पुन्हां आडवे जाहले आणि दिवेलागणीपर्यंत गाढ निजले. ऐसी झोंप त्यांस मुंजीनंतर लागली नव्हती.

परंतु सुख फार दिवस टिकलें तर बखरी कशाला लिहाव्या? माघांत राजधानीकडून एक कासार बांगड्या घेऊन मळ्यावर आला, आणि चिमाबाईंचा हात हातीं घेऊन बोलता जाहला, "काय सांगू पंत, तुमची पगडी म्हंजी साक्षात न्यायदेवता! लोक रांगा लावत्यात." पंत म्हणाले, "पगडी निवाडा करिते?" कासार म्हणाला, "करीत न्हाई, तितंच तर मौज हाय. ते दोघं सख्खे भाऊ न्हाईत का, फणसाच्या झाडावरनं भांडत्यात? गेले पगडीपुढं. थोरला ओरडला, धाकटा ओरडला, मग दोघं गप बसून वाट बघू लागले. पगडी काय बोलंना. मग आपसूक थोरल्याचा आवाज खाली आला, आणि धाकटा रडाया लागला. म्हनला, दादा, आई आजारी व्हती तवा तू व्हतास, मी न्हवतो, फणस तुझाच. तर थोरला म्हनतो, एकट्यानं फणस खाऊन पोट दुखंल माझं. निम्मा निम्मा करून गेले. खोटं बोलणाराला तर तिच्यापुढं दम धरवत न्हाई, घाम फुटतो." आणि बांगडी चढवितां चढवितां भाबडेपणानें म्हणाला, "तुमी व्हतात तवा आमास्नी बोलाया कुठं गावत व्हतं?"

हें ऐकून पंतांची झोंप पुन्हां परागंदा जाहली. ज्या भयास मळ्यांत विसरले होते तेंच दारांत येऊन उभें राहिलें. दौलत तर बुडाली नाहींच, उलट बरी चालली. "पाडव्यापर्यंत थांबलों तर गादी हिचीच होईल," ऐसें म्हणून पंत तैसेच निघाले, आणि चिमाबाई म्हैस शेजारीं सोंपवून मागोमाग निघाल्या. देवडीवर पहारेकरी सिदोजी म्हणून नवा होता. त्यानें भाला आडवा धरिला आणि म्हणाला, "बोडक्यानं आत जाता येत न्हाई." पंत कडाडले, "अरे, मी या दौलतीचा न्यायाधीश!" सिदोजी म्हणाला, "न्यायाधीश आत गादीवर हायेत. तुमी कोन?" पंतांनीं आपल्या बोडक्या डोक्यावरून हात फिरविला. मग मुकाट्यानें उपरणें डोक्यास गुंडाळून फिर्यादींच्या रांगेंत उभे राहिले.

पाळी आली तेव्हां पंत पगडीपुढें बसले आणि खणखणीत बोलते जाहले, "वादी लखोपंत. प्रतिवादी समोर गादीवर. वादीचें म्हणणें ऐसें कीं, प्रतिवादीनें वादीचें स्थळ बळकाविलें." मग शास्त्रार्थ सांगितला, मग दाखला दिला. पगडी गप्प. मग दाखल्याचा दाखला दिला. पगडी गप्प. मग पंतांजवळचें सगळें बोलणें सरलें, आणि तरी पगडी जणूं पुढें ऐकावयास बसली होती, तेव्हां पंतांचा आवाज उतरला आणि म्हणाले, "माझ्यावांचून चाललें, हें मला सोसवत नाहीं." पगडी गप्प. मग पंत पुटपुटले, "आणि खरें सांगूं? माझ्यावांचून चालतें, हें ऐकून पाठीवरलें ओझें उतरल्यासारखें वाटतें. मला अजून झोंप हवी आहे." बोलतां बोलतां पंतांच्या डोळ्यांस पाणी आलें, आणि मग हंसूं आलें, आणि दोन्ही एकदम आल्यामुळें उचकी लागली. महाराज चिकाच्या पडद्याआड बसून हें पाहात होते. ते बाहेर येऊन म्हणाले, "पंत, आलांच आहां तर उचला पगडी." पंत उठले, पगडीस त्यांनीं मुजरा केला आणि म्हणाले, "नको महाराज. तिचें बरें चाललें आहे आणि माझी रुखसत सरली नाहीं. म्हैस वाट पाहात असेल." ऐसें बोलून मळ्याकडे माघारे गेले आणि उरलेली रुखसत मन लावून निजले.

मग पाडवा आला, राक्षसनाम संवत्सर लागलें, आणि पंत ठरल्याप्रमाणें दरबारीं हजर जाहले. ताक आणि झोंप यांनीं डोकेंही बाळसें धरितें कीं काय न कळे, पगडी अंमळ घट्ट बसली. तुंबलेले निवाडे देऊं म्हणावें तों फिर्यादी आपापसांत मिटवून केव्हांच घरीं गेले होते. पहिला नवा वादी आला, दोन शब्द बोलून संवयीनें थांबला, कीं आतां पंत आपलें म्हणणें आपल्यास सांगतील. पंतांनीं श्वास घेतला, सर्व दरबारानें मान खालीं घातली, आणि पंत म्हणाले, "मग?" त्या दिवसापासून पंतांनीं बहुत निवाडे केले, आणि बहुतेक त्या एका शब्दावर केले. कित्येक म्हणत कीं नुसती पगडीच याहून बरी होती, परंतु तें पंतांच्या कानीं गेलें तरी त्यांची झोंप मोडली नाहीं.

त्याच पाडव्याच्या सायंकाळीं पंत घरीं आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. चिमाबाईंनीं नेहमींप्रमाणें पुसिलें, "उद्यां पडवळ करूं कीं दोडका?" पंत म्हणाले, "तुला काय आवडतें?" बाई पळी हातीं धरून तैशाच उभ्या राहिल्या, कारण हा प्रश्न त्यांस या घरांत कोणी केला नव्हता. पंत थांबले, कांहीं बोलले नाहींत, वाट पाहात राहिले. मग बाई हळूच म्हणाल्या, "मला मेलीं दोन्हीही आवडत नाहींत."

ऐसी लखोपंतांची रुखसत. दौलत होती तेथेंच राहिली, पंत जगले, म्हैस व्याली, आणि दुसरे दिवशीं घरांत वांग्याचें भरीत जाहलें. लिहिणारास इतकेंच ठाऊक. पुढें डोळा लागला.