तात्यांचा उलटा विळा

बाळारामतात्या आमच्याकडे आले की आधी बसत नाहीत. दाराची बिजागरी हलवून बघतात, कडीवर नखाने टकटक करतात आणि माझ्या आईला सांगतात, "वहिनी, ह्यो लोखंड न्हाय, पापड हाय." मग चहा मागतात.

हा नाद त्यांना साठी उलटल्यावर लागला. अंजूर गावातली त्यांची शेतं एकेक करून गोदामांखाली गेली. भाडं घरबसल्या येतं. अशा माणसाने भजनाला जावं, गुडघ्यांना तेल चोळावं. तात्यांनी अंगणात लोहारकाम सुरू केलं. भट्टी फुलवायला सुनेचा केस वाळवायचा ड्रायर, ऐरणीच्या जागी भंगारात निघालेल्या पॉवरलूमचा जाडजूड तुकडा आणि लोखंड म्हणून ट्रकचे मोडके कमानपाटे. गुरू कोण, तर मोबाइलमधला एक दाढीवाला गोरा. त्याची भाषा तात्यांना कळत नाही. "त्याला तरी माजी कुठं कलते?" म्हणतात.

मला या प्रकाराचा मनापासून राग होता. माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरं असायची ती वडिलांच्या युनियनच्या पत्रकांची. पाढ्यांच्या आधी मला मागण्या पाठ झाल्या. मी तात्यांना तोंडावर सुनावलं, "ज्यांचं पोट या कामावर होतं, त्यांच्या भट्ट्या विझल्या. आणि तुम्ही भाडं खाऊन हातोड्याचा शौक करता? हा श्रमाचा अपमान आहे!"

"तापू दे जरा, मंग बोल," तात्या म्हणाले.

हे त्यांचं सगळ्यालाच उत्तर. चहा निवला तरी तेच, निवडणुकीचा विषय निघाला तरी तेच. मी श्रमप्रतिष्ठेवर लिहिलेलं माझं पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि त्याने भट्टी पेटवली. "कागद ब्येस हाय गो पोरी. लगेच धरतो."

तात्यांना फक्त एक विळा करायचा होता. गोदामांच्या मागे त्यांचा भाताचा शेवटचा तुकडा उरला होता, आणि या कापणीनंतर तोही गोदामालाच जाणार होता. "कापनीच्या आत माजा इला निघाला पायजे," एवढंच ते सांगत. बाजारात तयार विळे मिळतात म्हटलं, तर मी शिवी दिल्यासारखं बघायचे.

त्यापायी सगळ्या घराची झोप उडाली होती. तात्यांच्या बायकोच्या, हिराकाकूंच्या, स्वयंपाकघरातली सांडशी रोज भट्टीवर सापडायची. एकदा काकूंनी उजव्या हाताने तात्यांचा कान धरला आणि डाव्या हाताने सांडशी हिसकावली. वरच्या खोलीत भाड्याने राहणारे अस्लमभाई लूमवर रात्रपाळी करून सकाळी झोपायला यायचे, नेमका तेव्हाच घण सुरू व्हायचा. शेवटी ते लुंगी सावरत खाली उतरले. "चाचा, भाडा बढा लो, लेकिन ये बंद करो." जाता जाता त्यांनी विळा उचलून पाहिला. "और ये धार भी उल्टी तरफ घिसी है."

"तापू दे जरा," तात्या म्हणाले.

अस्लमभाईंचं खरं होतं. विळ्याची धार एकाच अंगाने घासलेली असते, आणि तात्यांचा प्रत्येक विळा दुसऱ्याच अंगाने घासलेला निघायचा. आळीभर हसू झालं. तापल्या विळ्याला पाणी पाजायला त्यांनी गणेशपुरीच्या कुंडातलं गरम पाणी कॅन भरून आणलं. वाटेत ते थंड झालं आणि त्यात बुडवताच विळ्याचे दोन तुकडे झाले. "देवालापन कललं, ह्यांना काय येत न्हाय," काकू म्हणाल्या.

कापणीला मीही गेले. तात्या बांधावर विळा ठेवून उगाच आभाळाकडे बघत उभे होते. मी तो उचलला, भाताची मूठ धरली आणि ओढला. एक काडी तुटेल तर शपथ.

"तात्या, हाही उलटाच!" मी ओरडले.

काकूंनी माझ्याकडून तो घेतला. डाव्या हातात.

खस्सकन भाताची मूठ कापून हातात आली.

काकूंनी विळा उलटून धार पाहिली. उजव्या हाताने विळा चालवावा लागल्यामुळे कापून वाकडी झालेली डाव्या हाताची करंगळी त्यांनी मला पूर्वी दाखवली होती. डावखुऱ्या हाताला विळा करून द्यायला गावचा लोहार तयार नव्हता. डाव्या हाताने लक्ष्मी कापायची नसते, म्हणाला होता. तेव्हा नवरा शेजारीच उभा होता आणि गप्प राहिला होता, हेही त्यांनी सांगितलं होतं. मी ते विसरले होते. तात्या विसरले नव्हते.

"आता देता व्हय ह्यो?" काकू कडाडल्या. "आता काय कापू? गोदामाचं पत्रं?"

या वेळी तात्या 'तापू दे जरा' म्हणाले नाहीत. खाली बसून पेंढ्यांचे बंध वळू लागले.

काकू वाकल्या आणि कापत सुटल्या. एवढासा तो तुकडा, बघता बघता संपला. शेवटची पेंढी बांधून मी कंबर सरळ केली, तर काकू बांधावर चढून तिथलं गवत कापत होत्या. मागून तात्या ते गोळा करून व्यवस्थित भारे बांधत होते.

त्यांच्या गोठ्यातली गुरं केव्हाच विकली गेली आहेत.