गुडघ्याच्या गोळ्यांचे वाटे

वैद्यकशास्त्राची प्रगती नेहमी दुसऱ्याच्या गुडघ्यावर होते. हे सत्य मी आरोग्य केंद्रात पस्तीस वर्षं कारकुनी करून कमावलेलं आहे, कुठल्या पुस्तकातून उचललेलं नाही. आणि जगाला दिशा देणारे ते गुडघे आमच्या वाडीतले निघाले, मुरुडपासून एसटीनं पाऊण तासावरचे, याचा मला आजही अभिमान वाटतो.

संशोधन एका अग्रगण्य वैद्यकीय विद्यापीठाचं होतं. (नाव लिहीत नाही. नाव घेतलं की आदरानं उभं राहावं लागतं, आणि गुडघे माझेही दुखतात.) तिथल्या डॉ. परेश यांना गुडघेदुखीवरची एक नवी गोळी तपासायची होती. त्यासाठी दिवसभर उकिडवं बसणारी माणसं हवी होती. मासळीबाजारात बसणाऱ्या, सुकटी वाळवणाऱ्या, कोळंबी सोलणाऱ्या आमच्या बायका म्हणजे त्यांना लॉटरीच लागली. वाडीतल्या आणि शेजारच्या मोहल्ल्यातल्या मिळून चौऱ्याऐंशी जणींची नोंद झाली. 'क्षेत्रीय समन्वयक' म्हणून मला, गुणाजीला, नेमलं. मानधन नव्हतं, ओळखपत्र होतं.

चाचणीची पद्धत अशी. निम्म्या बायकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी साखरेची. कुणाला कुठली, हे बायकांना ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. याला 'दुहेरी अंध' म्हणतात. (आपल्याकडे आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं असं म्हणतात, पण त्या पद्धतीला अजून आंतरराष्ट्रीय मान्यता नाही.) संमतिपत्र बावीस पानांचं होतं. साखरेच्या गोळीचा उल्लेख एकोणिसाव्या पानावर 'निष्क्रिय पर्याय' असा होता. ते पान मी मोठ्यानं वाचून दाखवलं. मला कळलं नाही, पण आवाज खणखणीत लागला. सगळ्यांनी सह्या-अंगठे केले.

यातली सगळ्यांत महत्त्वाची बाई म्हणजे ठमाबाई. वय बासष्ट, बाजारात एकतीस वर्षांची जागा, पिंपळाखालची, पहिली. ही जागा ज्या बाईला बसता येतं तिचीच राहते. जी उठली ती उठली, असा बाजाराचा कायदा आहे. ठमाबाईचे गुडघे आदल्या दिवाळीपासून इतके धरले होते, की तिला बसवायला एक आणि उठवायला दोघी लागत. मागच्या रांगेतल्या बायका त्या जागेकडे प्रेमानं पाहू लागल्या होत्या. "गोळी लागू न्हाय झाली तर माजी जागा गेलीच म्हनून समज," ती मला म्हणाली होती.

बाटल्या वाटल्या. प्रत्येकीत साठ गोळ्या, सकाळ-संध्याकाळ एक. इथपर्यंत विज्ञान सुरळीत चाललं होतं.

आता, जी बाई कल्ले उघडून वास घेतल्याशिवाय साधा बांगडा घेत नाही, ती अनोळखी गोळी चाखल्याशिवाय गिळेल, ही अपेक्षा फक्त विद्यापीठच ठेवू शकतं. ठमाबाईनं गोळी जिभेवर ठेवली. कडूजहर. शेजारच्या महेरुन्निसाभाबीनं ठेवली. गोड.

"या अल्ला, मला पेपरमिंट दिली!" महेरुन्निसा म्हणाली. "सही मी पण केली, गुडघे माझे पण दुखतात, मग ही कुठली नाइन्साफी?"

तासाभरात चौऱ्याऐंशी बाटल्या चाखून झाल्या. बेचाळीस कडू, बेचाळीस गोड. कडू ते औषध आणि गोड ती फसवणूक, एवढं वैद्यकशास्त्र आमच्याकडे तान्ह्या पोरालाही येतं. बायका खवळल्या. ठमाबाईची बाटली कडू होती, ती गप्प बसली असती तर तिला कोण विचारणार होतं? पण ती मधे उभी राहिली (दोघींनी धरून) आणि म्हणाली, "जाळं समद्यांनी वडलंय, वाटा समद्यांना. टाका ताडपत्री."

होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे घालतात, तसे गोळ्यांचे वाटे घातले गेले. कडूचा एक ढीग, गोडाचा एक ढीग, आणि प्रत्येकीच्या वाट्याला तीस कडू, तीस गोड. सकाळी कडू, संध्याकाळी गोड असं ठरलं. गोडही टाकून दिल्या नाहीत, कारण सरकारी वस्तू टाकायची नसते. एका वाट्यात एकतीस गेल्या म्हणून अर्धा तास भांडण झालं, ते सोडलं तर कार्यक्रम शांततेत पार पडला. पुढं आठ महिने, दर महिन्याला हेच. मी प्रत्येक वेळी हजर होतो. अहवालात लिहिलं नाही, कारण तसा रकाना नव्हता.

आणि काय सांगू, गुण आला! औषध चांगलंच होतं. निम्म्या मात्रेतही लागू पडलं. चौथ्या महिन्यात ठमाबाई बाजारात एकटी बसली आणि एकटी उठली. त्या दिवशी तिनं उगीचच आठ-दहा वेळा ऊठबस करून दाखवली, आणि मागची रांग दुसरीकडं बघू लागली. मला सांगायला लाज नाही, माझे डोळे भरून आले.

डॉ. परेश यांचेही भरून आले, पण वेगळ्या कारणानं. निकाल पुढीलप्रमाणे:

खरी गोळी दिलेल्या गटात सुधारणा: एक्केचाळीस टक्के.
साखरेची गोळी दिलेल्या गटात सुधारणा: एक्केचाळीस टक्के.
बाटल्या रिकाम्या परत येण्याचं प्रमाण: शंभर टक्के. (जगात प्रथमच.)

म्हणजे गोळी आणि साखर सारखीच! निष्कर्ष निघाला, की गुडघे गोळीनं बरे होत नाहीत, विश्वासानं होतात. शोधनिबंध परदेशी मासिकात छापून आला. तेराशे सोळा इतर निबंधांनी त्याचा आधार घेतला. डॉक्टरसाहेबांना सुवर्णपदक मिळालं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत माझेही आभार आहेत, 'गुनाजी' असे.

आणि गोळी बंद झाली. साखरेइतकीच असेल तर बनवायची कशाला? तर्क बिनतोड आहे.

तीन महिन्यांत ठमाबाईला पुन्हा दोघी लागू लागल्या. ती काठी टेकत माझ्या दारात आली.

"भाऊ, त्या डाक्टरला फोन लाव. सांग, आमी वाटून खाल्ल्या."

मी लावला आणि तिच्याच हातात दिला. तिनं सगळं सांगितलं, ताडपत्रीसकट.

"सगळ्या गोळ्या?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"येक इकडची तिकडं न्हाय," ठमाबाई अभिमानानं म्हणाली. "वाटे माज्या हातचे हायेत, सायेब. तुमचा कागद चुकला, तेवडा बदला, नि गोळी चालू करा."

साहेब फार सभ्य माणूस. ते म्हणाले, "आजी, कागदावर आता चार देशांची धोरणं उभी आहेत. तो हलवता येत नाही. तुम्ही विश्वास ठेवा, बरं वाटेल." आठवड्यानं त्यांनी स्वखर्चानं एक बाटली पाठवली. ठमाबाईनं चाखली. गोड होती.

पिंपळाखाली आता दुसरी बाई बसते. ठमाबाई घराच्या पायरीवर बसते आणि साहेबांची गोळी चहात टाकते. साखर वाचते, असं तिचं मत आहे.

मी कुणाला दोष देत नाही. संशोधन थोरच आहे, नाहीतर ते तुमच्यापर्यंत पोचलं असतं का? पोचलंय की! 'दुखणं सांध्यात नसतं, मनात असतं', वर जोडलेले हात आणि खाली विद्यापीठाचं नाव, असा मेसेज तुम्हीच घरच्या ग्रुपवर टाकलात. आईनं तो वाचला, अंगठा पाठवला, आणि भिंतीला धरून उठली. गेल्या महिन्यापासून तुमच्याकडं गोळ्या मागायची ती थांबली आहे. तुम्हाला वाटलं, बरं वाटतंय तिला.