चौदा पॉइंट दोन

जनुकाका गाडी अनवाणी चालवतात. चपला घराच्या पायरीवर काढायच्या, बादलीतल्या पाण्याने पाय धुवायचे, लेंग्याला पुसायचे आणि देवळात शिरावं तसं गाडीत शिरायचं. कारण विचारलं तर म्हणतात, "चप्पल घातली की पायाला पेट्रोल ऐकू येत नाय."

ही गाडी म्हणजे साधीसुधी गाडी नव्हे. दोनच माणसांची, लांब नाकाची, जमिनीला जवळजवळ टेकलेली परदेशी स्पोर्ट्स कार आहे. वयाने माझ्या वडिलांपेक्षा मोठी. काका बोईसरच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथल्या म्हाताऱ्या शेठनी तरुणपणी हौसेने घेतलेली ही गाडी पुढे वर्षानुवर्षं गोदामात पडून होती. कारखाना बंद करून मुलाकडे परदेशी जाताना शेठ म्हणाले, "जनार्दन, ही तूच घेऊन जा. तुझ्याशिवाय कोणाच्या हाताने चालू होत नाही." तिचा रंग एके काळी लाल होता म्हणतात. आता तो सुकवलेल्या जवळ्यासारखा झाला आहे. छप्पर नाही. पाऊस आला की काका होडीवरची ताडपत्री बांधतात.

कॉलेजातल्या मुलांनी मला मोबाइलवर दाखवलं की अशा गाड्या शर्यतीत पळतात. काका ती ताशी चाळिसाने चालवतात. चिकूचे टेंपो, कारखान्यांच्या शिफ्टच्या बसगाड्या, रिक्षा, सगळे आम्हाला मागे टाकून जातात. एकदा उमरोळीजवळ गाडी नुसतीच घरंगळत असताना एक सायकलवाला पुढे गेला आणि थांबून आपुलकीने म्हणाला, "काका, बिघडली काय? धक्का देऊ?"

काकांना राग आला नाही. "जाऊ दे त्याला," ते मला म्हणाले. "त्याला घाई हाय. आपल्याला एव्हरेज हाय."

एव्हरेज हा काकांचा देव आहे. गाडीच्या डॅशबोर्डवर, घड्याळाच्या बाजूला, कागदाची एक पट्टी चिकटवलेली आहे. तिच्यावर शाईने लिहिलंय, १४.२. अक्षर कुंदाकाकींचं. काकी बालवाडीच्या बाई होत्या, त्यामुळे त्यांचा चार अगदी मुलांना गिरवायला दिल्यासारखा गोल आहे. काका चालवायचे आणि काकी शेजारी बसून वहीत लिहायच्या: किती किलोमीटर, किती लिटर, वारा कुठला, आणि शेवटी शेरा. एका आठवड्यात लिटरला चौदा पॉइंट दोन पडलं. शेठच्या हातात जी गाडी लिटरला सातसुद्धा देत नव्हती, तिने चौदा पॉइंट दोन दिलं. काकींनी त्याच दिवशी पट्टी लिहून चिकटवली. त्या वारल्या त्याला आता चार वर्षं झाली. तेव्हापासून काका तो आकडा मोडायच्या मागे आहेत, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

माझी नेमणूक याच कामासाठी झाली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. गाव तारापूरच्या अलीकडे, कॉलेज पालघरला, आणि एसटीचा भरवसा नाही. पहिल्या वर्षी माझी सकाळची प्रॅक्टिकलं सारखी बुडायची. एकदा मी फाट्यावर रडवेली होऊन उभी होते, तेव्हा ही गाडी न आवाज करता समोर येऊन थांबली. उतार होता, इंजिन बंद होतं.

"बाय, तुझं वजन किती?" काकांनी विचारलं.

मी घाबरत सांगितलं. त्यांनी मनात काहीतरी हिशेब केला. "चालेल. कुंदापेक्षा कमीच हाय. बस."

मग त्यांनी समजावून सांगितलं की चौदा पॉइंट दोन हे दोन माणसांत झालेलं आहे. एकट्याने मोडलं तर ते मोडलं असं धरता येणार नाही. पालघरला त्यांना रोज काम असतं, तर मी रोज बसायचं. ते काम म्हणजे एका मित्राच्या टायरच्या दुकानात बसून दुपारपर्यंत पेपर वाचणं, हे मला सहा महिन्यांनी कळलं.

आय बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकते. तिला हे ऐकून हसू आवरेना. "पोरी, कॉलेजला जातेस का वजनकाट्यावर बसतेस रोज?"

ते खरंच होतं. काकांना माझं टाइमटेबल माझ्यापेक्षा चांगलं पाठ झालं. गाडीत बसण्याआधी ते माझी पिशवी हातात घेऊन तोलायचे. "बुधवारी केमिस्ट्री नाय तुझी. हे जाडं आज लागणार हाय का?" मी ते पुस्तक त्यांच्या पायरीवर, चपलांच्या शेजारी ठेवायची. डबा चालेल, पण पाण्याची बाटली अर्धी. छत्री नाहीच. सीटच्या मागे मात्र एक निळी छत्री कायम असायची. मी एकदा म्हटलं, "काका, हिचंही वजन होतंच की."

"ती कुंदाच्या वेळची, मोजलेली हाय," काका म्हणाले आणि विषय संपला.

ब्रेकबद्दल त्यांचं मत कडक आहे. "ब्रेक लावायला लागला, म्हणजे आधी जाळलेलं पेट्रोल फुकट." म्हणून ते अर्ध्या किलोमीटरवरची म्हैस पाहून आत्तापासूनच पाय उचलतात. उतारावर इंजिन बंद. थांबायला लागलं तर इंजिन बंद. नाक्यावर शिफ्ट सुटली आणि बसगाड्यांची रांग लागली की काकांच्या गाडीत इतकी शांतता असते की शेजारच्या रिक्षातल्या माणसाचं फोनवरचं भांडण पूर्ण ऐकायला मिळतं. एकदा त्या भांडणात काकांनी सल्लाही दिला होता.

शनिवारी निकाल. बोईसरच्या पंपावर एका खांबाजवळ काकांनी खडूने चार खुणा केल्यात. चार चाकं बरोबर त्या खुणांवर यायला हवीत, नाहीतर टाकी तिरकी भरते. पंपावरचा रामसूरत आम्हाला लांबून पाहूनच कपाळाला हात लावतो. टाकी गळ्यापर्यंत भरायची, मग काकांनी गाडी हलवायची, आतली हवा बाहेर काढायची, मग परत थोडं भरायचं.

"दादाजी, बच्चे को डकार दिला रहे हो क्या?" रामसूरत म्हणतो.

"तू पाइप पकड सरळ," काका म्हणतात.

मग मी भागाकार करायचा. वही माझ्याकडे असते. तेरा पॉइंट सहा, तेरा पॉइंट आठ, एकदा चौदा. गावात परतलो की पारावरचे लोक विचारतात, "जनू, पडली का विकेट?" काका मान हलवतात. मी एक गोष्ट पाहिली होती. सोमवार ते गुरुवार सगळं झकास चालायचं. टाकीत बुडवून मोजायची बांबूची एक कामटी काकांनी केली आहे, तिच्यावरून अंदाज यायचा. आणि शुक्रवारी नेमकं काहीतरी व्हायचं. काकांना एकदम सातपाटीच्या मित्राची आठवण यायची आणि आम्ही वळसा घालून तिकडे जायचो, तेही सगळ्या खडबडीत रस्त्याने. एका शुक्रवारी तर एका मोटरसायकलवाल्या पोराने खिजवलं म्हणून त्यांनी गाडी अशी पळवली की माझी ओढणी मागे तरंगत राहिली. दोन मिनिटं मला खरंच शर्यतीत असल्यासारखं वाटलं. पारावर म्हणायचे, "जनूचं नशीब गुरुवारपर्यंत चांगलं असतं."

यंदा माझं शेवटचं वर्ष. परीक्षेआधी कॉलेजचे तीनच आठवडे उरले होते. काकांनी तीन वर्षांत माझ्याकडून काही घेतलं नव्हतं. आयने दिलेली बोंबलाची पुडी तेवढी घ्यायचे, तीही तोलून. मला वाटलं, आपण फिजिक्स शिकलो, तर निदान त्यांना हा आकडा मोडून द्यावा. दुसरं देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मी मनापासून कामाला लागले. टायरमधली हवा रोज सकाळी, रस्ता तापायच्या आधी मोजायची. कार्बोरेटर काकांकडून साफ करून घेतला. हत्यारांची पेटी डिकीतून काढायला लावली. ती दोघांनी मिळून उचलावी लागली. मागे गुंडाळून बांधलेली ताडपत्री वाऱ्याने फडफडते आणि गाडीला अडवते, हे मी कागदावर आकृती काढून दाखवलं. काका आकृतीकडे बराच वेळ बघत राहिले.

"लय शिकलीस गो," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला थोडा पडलेला वाटला. मला वाटलं, ते भारावलेत.

दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी सातपाटीचं नाव निघालं तेव्हा मी म्हटलं, "आज नको ना काका. पुढच्या आठवड्यात जाऊ." सरळ घरी आलो.

शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर मी टाकीत कामटी बुडवली, हिशेब केला, पुन्हा केला. चौदा पॉइंट तीन येत होतं. पालघरहून बोईसरचा पंप गाठायचा, एवढंच उरलं होतं. वारासुद्धा मागून होता. रस्त्याकडेच्या एका होडीवरचा बावटा आमच्या जायच्याच दिशेला फडकत होता.

"काका, आज होणार," मी म्हटलं.

"होईल, होईल," काका म्हणाले.

वाटेत खाडीवरच्या छोट्या पुलाचं काम चाललं होतं. एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडत होते. लाल फडकं धरलेल्या माणसाने आम्हाला थांबवलं. पुढे दोन टेंपो, मागे एक बस. टेंपोवाल्यांनी इंजिनं बंद केली. बसवाल्याने बंद केलं. खाडीतल्या बगळ्यांचा आवाज येऊ लागला. आणि त्या सगळ्या शांततेत एकाच गाडीचं इंजिन धडधडत होतं. आमच्या.

मला वाटलं, ते विसरले. तीन वर्षांत हे कधी झालं नव्हतं. "काका, चालूच आहे."

"हां," काका म्हणाले. "राहू दे."

ते समोर बघत होते. त्यांचा अनवाणी पाय अॅक्सिलरेटरवर होता आणि मधूनच, अगदी हलकेच, ते तो दाबत होते. इंजिनाचा आवाज वाढायचा, उतरायचा. पुढचा टेंपोवाला मागे वळून म्हणाला, "काका, पेट्रोल स्वस्त झालं काय?" काकांनी त्याच्याकडेही पाहिलं नाही. त्यांचा डावा हात डॅशबोर्डवर होता. अंगठा त्या पट्टीच्या कडेवर फिरत होता, जिथे कागद सुटत आला होता. तो ते परत परत दाबून बसवत होते.

मला आधी राग आला. दोन आठवड्यांची माझी मेहनत डोळ्यांसमोर धूर होऊन चालली होती. मग मी त्या चारकडे पाहिलं. आकडा मोडला असता तर नवी पट्टी लावावी लागली असती. ती मला लिहावी लागली असती, माझ्या अक्षरात. सातपाटीचा मित्र, मोटरसायकलवाला पोरगा, सगळे शुक्रवार मला एकदम आठवले. मी मांडीवरची वही उगाच सारखी केली आणि पुलाकडे बघत बसले.

वीस मिनिटांनी फडकं हललं.

पंपावर चार चाकं खुणांवर आली. रामसूरतने भरलं, काकांनी गाडी हलवली, पुन्हा भरलं. मी भागाकार केला. "चौदा पॉइंट एक," मी म्हटलं.

"हुकलं," काका म्हणाले. "थोडक्यात हुकलं गो." आणि त्यांनी लांब श्वास सोडला. रामसूरतला वाटलं असणार, बिचारे खचले. त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना चहा दिला. काका तो चवीने प्यायले.

वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. काकींच्या वेळचे शेरे मोठे असायचे. "वारा मागून. ह्यांनी आज गाणं म्हटलं." माझ्या पानांवर तो रकाना बहुतेक कोराच राहायचा, कारण काय लिहावं ते मला सुचत नसे. त्या दिवशी मी लिहिलं, "पुलाचं काम. वारा समोरून."

काकांनी वही लांब धरून वाचली. मग आभाळाकडे पाहिलं. पंपावरचे झेंडे आमच्या मागून पुढे फडकत होते.

"खरं हाय," ते म्हणाले. "लय वारा व्हता आज."

सोमवारी मी केमिस्ट्रीचं जाडं पुस्तक घेऊन गेले. काकांनी सवयीने पिशवी हातात घेतली, तोलली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे आज लागणार हाय का?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी पिशवी सीटमागे, निळ्या छत्रीच्या शेजारी नीट ठेवली. "बरं," ते म्हणाले आणि पाय धुवायला बादलीकडे वळले.