पुष्पाताईंना तोंडं दिसली पाहिजेत

पुष्पाताईंचा कार्यक्रम असला की प्रेक्षकांवरचे दिवे विझवायचे नाहीत. कुणी विझवलेच, तर बाई हाताची घडी घालून स्टेजवर नुसत्या उभ्या राहतात. एकदा अमरावतीच्या एका कॉलेजात त्या उजेडात प्रमुख पाहुणे झोपलेले सापडले. ताईंनी गोष्ट तिथेच सोडली आणि पाहुण्यांची डुलकी करून दाखवली, ओघळत्या लाळेसकट. टाळ्यांनी पाहुणे जागे झाले आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

ताईंना जन्मापासून ऐकू येत नाही. त्या सांकेतिक भाषेत, म्हणजे हातांनी आणि चेहऱ्याने, गोष्टी सांगतात. शिवणकाम सोडून त्यांनी हे धरलं, तेव्हा "हे कोण पाहाले येणार?" असं म्हणून आमच्या गल्लीने विषय संपवला होता. आता त्यांना पार पुण्याहून बोलावणी येतात. मी त्यांचा शेजारी, निवृत्त माणूस. सोबत जाऊन माइकवर चार शब्द बोलतो, त्यामुळे मला सगळं समजतं असा लोकांचा समज आहे. मला काडीचं समजत नाही. एका गोष्टीत मी ज्याला वाघ समजून बसलो होतो, तो अकोला गाडीचा कंडक्टर निघाला. कर्णबधिर मंडळी प्रत्येकाला खुणेचं एक नाव देतात. माझं नाव नाकावरून घसरणारा चष्मा, नाकावर बोट नेऊन तो वर सारायचा. ताईंच्या नाकाला सारखी खाज सुटते, असं मी वर्षभर समजत होतो.

मोबाइलवर मात्र ताई अस्सल वऱ्हाडी लिहितात. उजेडाचा एवढा हट्ट कशाला, असं मी विचारलं तर उत्तर आलं, "कोण हासून राहिलं ते तुमाले आवाजावरून समजते. मले तोंड दिसलं पायजे. समजलं काय, चष्मा?"

मागच्या महिन्यात अकोल्याच्या जुन्या शहरात, त्यांच्या माहेराजवळच, कार्यक्रम ठरला. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर ताईंनी रुमाल टाकून ती थोरल्या भावासाठी धरून ठेवली. वसंतराव त्यांचं नाव. बहिणीचा कार्यक्रम त्यांनी कधीच पाहिला नव्हता. चारचौघांत हात हलवायचे नाहीत, लोक हसतात, असा लहानपणी त्या घरातला नियम. "आता लोकं हासालेच येतात," ताईंनी मला लिहिलं. "दादा तेवढा येत नाई."

वेळ झाली तरी खुर्ची रिकामीच. ताई सुरू करेनात. आयोजक माझ्याकडे पाहू लागले. मी माइकवर उन्हाबद्दल बोललो, मग मोर्णा नदीबद्दल, पुढे काय बोललो ते मलाही ठाऊक नाही. शेवटी वसंतराव आले आणि रुमालावरच बसले.

त्या दिवशी ताईंनी काय सांगितलं ते मला नेहमीप्रमाणे कळलं नाही. कर्णबधिरांच्या रांगा हसून एकमेकांवर पडत होत्या. शेवटी सगळ्यांनी हात उंच करून हलवले. ती त्यांची टाळी. वसंतराव तेवढे इकडेतिकडे पाहत होते. माझ्याइतका गोंधळलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला, आणि ताईंसाठी माझा जीव तुटला.

कार्यक्रमानंतर मागच्या खोलीत यायला वसंतरावांना अर्धा तास लागला. बाहेरच घुटमळत होते म्हणे. शेवटी ते बहिणीसमोर आले. मग त्यांनी पाची बोटं जुळवून तोंडाकडे नेली आणि भुवया उंचावल्या.

"जेवली काय," त्यांनी मला सांगितलं. "एवढंच येते मले. आई असंच इचारे."

त्या अर्ध्या तासात ताईंनी माझ्यादेखत दोन प्लेट कचोऱ्या संपवल्या होत्या. त्यांनी भावाकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

"अहो, आत्ताच तर..." मी बोलायला गेलो. माझे ओठ हललेले पाहून ताईंनी माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

"चाल मंग घरी," वसंतराव तोंडानेच म्हणाले. त्याची खूण त्यांना येत नव्हती. ताई चपला शोधायला लागल्या.