तोंडवलीचा तीस वर्षांचा दर्या

"त्याका दाराकडे तोंड करून ठेव," सत्यवानाने टेबलावर संगणक मांडला तेव्हा नर्मदाकाकी म्हणाली. "पाहुण्यान भिंतीकडे बघत बसू नये."

यंत्र पुण्याच्या एका संशोधन संस्थेचं होतं आणि संस्थेच्याच जीपमधून आलं होतं. ऐन मे महिन्यात आठवडाभर सत्यवानाने किनाऱ्याची मापं घेतली होती. आता १९८८ पासून पुढच्या तीस वर्षांत दर्या कुठवर येईल, याचं गणित चालणार होतं. दहा मिनिटांत एक वर्ष, आणि प्रत्येक वर्षाअखेर पडद्यावर किनाऱ्याचं नवं चित्र.

"गणित संपायची वाट बघायला नको, काकी. चालता चालताच दिसतं. कुठे चुकलं तर तिथेच पकडता येतं."

ही युक्ती त्याची स्वतःची. तिच्यामागे आणखी एक होती. आईविना पोराला काकीनेच वाढवलं होतं. आता ती एकटी, घर लाटांच्या हाकेवर, आणि पाच वर्षं तो तिला पुण्याला चल म्हणून विनवत होता. शेवटी ठरलं: पडद्यावर घर बुडालं तर काकी पुण्याला जाणार, टिकलं तर सत्यवानाने पुन्हा विषय काढायचा नाही.

"म्हणजे कौलच लावलंस," काकी म्हणाली. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवून कुठली आधी गळते ते बघत बसायचं, हे गावाला नवीन नव्हतं. कौल म्हटल्यावर गाऱ्हाणं घालणारा परशुराम आला, होडीचं काम टाकून बाबली आला, त्यांच्यामागून निम्मी वाडी आली.

तिसऱ्या वर्षी पडद्यावरचा एक हिरवा ठिपका निळा झाला.

"परशुरामा, तुझो माड गेलो!" बाबली ओरडला.

"माझो खंयचो? तो तुझो!"

हद्दीवरच्या ज्या माडापायी दोघे सात वर्षं भांडत होते, तो आता कोणालाच नको होता.

आठव्या वर्षी दर्या विहिरीला भिडला. परशुराम हात जोडून उभा राहिला. "बा दर्या म्हाराजा! भूक लागली आसात तर आमचो माड खा, पण ह्या बायचा घर रव दे!"

"होय म्हाराजा!" सगळी वाडी गरजली.

"अहो, गणिताला गाऱ्हाणं लागू पडत नाही!" सत्यवान ओरडला.

खरंच नाही पडलं. पुढच्या चित्रात दर्या अंगणात आला.

"बघत काय रवल्यात? भांडी उचला!" बाबलीने हुकूम सोडला. तेराव्या वर्षापर्यंत खाट, पाट, उखळ, काकीची ट्रंक, सगळं फणसाखाली गेलं. घरात उरलं फक्त टेबल, कारण त्याच्यावर दर्या चालू होता.

काकी मात्र जमिनीवर बसून पडद्याकडे एकटक बघत होती. पाणी उंबऱ्याशी आलं तेव्हा तिने हळूच विचारलं, "सत्यवाना, ह्यो दर्यो दर साल रेव नेता. परत कधी हाडता?"

"वाळू? परत आणतो?"

"पावसात नेता ती रेव दिवाळीपासून परत हाडून घालता ना रे? तुज्या दर्याक दिवाळीच नाय."

बारा वर्षं पुण्यात राहून सत्यवानाचं गणित प्रमाण मराठीत चाले, पण घाबरणं अजून मालवणीतच होतं. कागद चाळता चाळता तो पुटपुटला, "अरे देवा! मी बाराय महिने आषाढच घातलंय!"

गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. आता वर्षाला दोन चित्रं: एक पावसाळ्याचं, एक दिवाळीनंतरचं. किनारा आत जाई, बाहेर येई, निजलेल्या लेकराच्या पोटासारखा. दिवेलागणीला तीस वर्षं संपली. घर जागच्या जागी होतं. माडही होता.

"माड माझोच!" परशुराम आणि बाबली एकदम म्हणाले, आणि भांडत भांडतच काकीची खाट आत आणू लागले.

सत्यवान मान खाली घालून वायर गुंडाळत होता. "जिंकलंस काकी. परत विषय काढणार नाय."

"बाबली, ती ट्रंक आत नको," काकी दारातून म्हणाली. "जीपमधी ठेव."

सत्यवानाच्या हातातली वायर सुटली. "कित्या?"

"घर बुडाला असता तर शब्दाखातर इलंय असतंय, पण जीव हयसरच, ह्या घरात रवलो असतो. आता तीस वर्षां घोर नाय. पावसाचे चार महिने तुज्याकडे."

"आणि मगे?"

"मगे काय?" काकीने रिकाम्या घराच्या दाराला कडी घालून बघितली. "दिवाळीक परत. रेव येता, तशी."