विठोबा मराठीत, यल्लम्मा कानडीत

आमच्या शेजारचे परशरामआप्पा विठोबाशी मराठीत बोलतात आणि यल्लम्माशी कानडीत. दोघंही एकाच देव्हाऱ्यात, वीतभर अंतरावर. पाऊस लांबला की आप्पा विठोबाला, "लई झालं आता तुझं," असं सुनावतात आणि लगेच मान वळवून तीच तक्रार देवीला कानडीत सांगतात, पण बरीच नरम करून. देवीला मराठी कळत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे.

हे घरातूनच आलेलं. वडील कंग्राळीचे, भजनात मृदंग वाजवणारे. आई गोकाककडची. पोरानं यल्लम्मापुढं मराठीत हात जोडले की ती सगळं पुन्हा कानडीत म्हणायला लावायची. वडील विठोबाच्या बाबतीत तसेच कडक. पोरगं पास झालं की श्रेय कुठल्या देवाचं, यावर जेवताना नवराबायकोत जुंपायची.

चहाच्या गाड्यावर कुणीतरी हमखास विचारतं, आप्पा, तुम्ही नक्की मराठी की कानडी? आप्पा बशीत चहा ओतत म्हणतात, "कुठल्या देवाम्होरं हुबा हाय, त्याच्यावर हाय ते."

गेल्या वर्षी त्यांच्या मुलानं आपल्या ऑफिसातल्या धारवाडच्या शिल्पाशी लग्न केलं. आप्पांचा धाकटा भाऊ बेळगुंदीहून येऊन बराच कुरकुरला. घरातली आरती आता कोण चालवणार, ही त्याची मुख्य काळजी. आप्पांनी त्याला पोटभर जेवू घातलं आणि विषय बदलला.

लग्नानंतरच्या मंगळवारी त्यांनी आम्हा शेजाऱ्यांना प्रसादाला बोलावलं. आरती सुरू झाली. सगळे टाळ्या वाजवत होते, फक्त नवी सून ओठ मिटून खाली बघत उभी होती. तिला शब्दच येत नव्हते. आप्पांनी मध्येच घंटा थांबवली. विठोबाला म्हणाले, "जरा दम खा." मग आरतीचं ताट शिल्पाच्या हातात दिलं आणि तिच्या माहेरी म्हणतात ती आरती म्हणायला कानडीतून सांगितलं. ती अडखळत सुरू झाली. दुसऱ्या ओळीला आप्पांनी सूर मिळवला. थोड्या वेळानं बेळगुंदीचा भाऊही टाळ्या वाजवायला लागला, तेही ठेक्यात.

मग पंगत बसली. आप्पा जेवून, हात धुऊन सोप्यात येऊन टेकले. शिल्पा तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिनं बाहेर येऊन विचारलं, "मावा, ऊटा आतेनु?"

मामंजी, जेवण झालं का, एवढंच. पण आप्पांची आई जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, कोल्हापूरकडच्या, मुलं मराठीतच वाढलेली. त्या घरात आप्पा कानडी बोलायचे ते फक्त देवीशी, आणि देवी काही उलटून विचारत नाही.



"इन्नू इल्लव्वा," आप्पा म्हणाले. अजून नाही, पोरी.

काकूंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. आप्पा उठले, पुन्हा पाटावर जाऊन बसले आणि शिल्पानं वाढलेलं सगळं सावकाश जेवले.